दागिन्यांच्या प्रदर्शनात आणि नव्या बुटीकमध्ये खरेदी कशी करावी: कोल्हापूरकरांसाठी सविस्तर मार्गदर्शक

कोल्हापुरात सोनं घ्यायचं तर गुजरीत, ही सवय अजून टिकून आहे. पण लग्नसराई आणि दिवाळीच्या आधी आता दुसरीही वाट खुली असते. तारांकित हॉटेलच्या हॉलमध्ये दोन-तीन दिवसांची प्रदर्शनं भरतात. जयपूर, सुरत, मुंबईचे व्यापारी पोलकी (पैलू न पाडलेले हिरे), हिरे, मोती घेऊन येतात. राजारामपुरीत किंवा ताराबाई पार्कात नवं बुटीक उघडतं आणि घरी जाड कागदाची निमंत्रणपत्रिका येते. तिथे जावंच. एरवी मुंबईला गेल्याशिवाय पाहायला न मिळणारं काम हातात घेऊन बघता येतं. मात्र गुजरीत पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख जे काम करते, ते काम इथे आपल्याला प्रश्न विचारून करावं लागतं.

दागिन्याच्या किमतीत तीन गोष्टी असतात: धातू, खडे आणि कारागिराचा हात. विकणाऱ्याकडून या तिन्हींची किंमत सुटी सुटी लिहून घ्यायची. पुढचं सगळं याच एका कामासाठी आहे.

निमंत्रण आलं की

आधी कार्यक्रम कोणत्या प्रकारचा आहे ते बघा. एकाच पेढीचं प्रदर्शन असेल तर बिल, बदल, परतावा या सगळ्याला तीच पेढी जबाबदार. अनेक स्टॉलचं प्रदर्शन असेल तर आयोजक फक्त जागा देतो. तुमचा व्यवहार स्टॉलवाल्याशी होतो आणि सोमवारी तो आपल्या गावी गेलेला असतो. तिसरा प्रकार नव्या बुटीकच्या उद्घाटनाचा. तिथे दुकान कायमचं असतं, पण पहिल्या दिवसाची घाई आणि ऑफरचा मारा जबरदस्त असतो.

अनेक स्टॉलच्या प्रदर्शनात ज्याच्याकडून घेण्याचा विचार आहे त्याचा कायमचा पत्ता, जीएसटी क्रमांक आणि बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणी आधीच मागून घ्या. हे मागायला संकोच वाटायचं कारण नाही. चांगला व्यापारी ते आनंदानं देतो.

घरची तयारी

कपाटातले दागिने काढा आणि एका कागदावर लिहा: काय आहे, किती ग्रॅम, शेवटचं कधी घातलं. बऱ्याच घरांत दोन-तीन ठुशा निघतात आणि रोज घालण्यासारखी एकही गोष्ट नसते. ज्या साडीवर किंवा ज्या कार्यासाठी दागिना हवा आहे तिचा फोटो सोबत ठेवा. साज लांब रुळतो, ठुशी आणि चिंचपेटी गळ्याशी बसतात. ब्लाउजचा गळा चुकला तर लाखाचा दागिना पदराखाली जातो.

जुनं सोनं मोडीत घालायचा विचार असेल तर ते प्रदर्शनात घेऊन जाऊ नका. आधी गावातल्या दोन पेढ्यांवर त्याचा टंच, म्हणजे शुद्धता, काढून घ्या, वजन लिहून घ्या. मोडीचा भाव माहीत नसताना नव्या दागिन्याचा सौदा केला, तर विकणारा नव्यात सूट देतो आणि जुन्यात ती वसूल करतो.

तोळा म्हणजे किती, हेही घरातच ठरवा. आजी तोळा म्हणते तेव्हा तिच्या मनात साडेअकरा ग्रॅमच्या वरचं, ११.६६ ग्रॅमचं माप असतं. आजच्या दुकानात तोळा म्हणजे सरळ १० ग्रॅम. आईच्या पाच तोळ्यांच्या पाटल्यांशी तुलना करताना हा फरक मोठा होतो. म्हणून बोलणं ग्रॅममध्येच करावं.

आधी गुजरीत एक फेरी

अंबाबाईच्या दर्शनाला जाता तेव्हाच अर्धा तास जास्त काढा. गाडी बिंदू चौकातल्या पार्किंगमध्ये लावून चालत गेलं की त्रास होत नाही. जो दागिना मनात आहे तसाच दोन-तीन पेढ्यांवर पाहा आणि प्रत्येक ठिकाणी चार गोष्टी लिहून घ्या: आजचा २२ कॅरेटचा भाव, मजुरी, निव्वळ सोन्याचं वजन, आणि परत आणल्यावर किती कापणार.

ही फेरी घेण्याचं आणखी एक कारण आहे. कोल्हापुरी साज, ठुशी, बोरमाळ, पुतळ्यांची माळ, मोहनमाळ, पोहेहार, बेलपानटिक ही कामं इथल्या हातांत मुरलेली आहेत. साजाची पानं परंपरेनं एकवीस मानतात: विष्णूचे दहा अवतार, आठ अष्टमंगल, माणिक आणि पाचूचं एकेक पान, आणि मधला ताईत. प्रदर्शनात ‘टेंपल कलेक्शन’ किंवा ‘हेरिटेज’ या नावाखाली हेच घाट जास्त मजुरीत मांडलेले दिसतात. काही वेळा काम खरोखर सुंदर असतं. मासा मासा दिसतो का, कासवाच्या पाठीवर रेषा आहेत का, की सगळी पानं एकाच साच्यातून निघाल्यासारखी सपाट आहेत, हे ओळखायला गुजरीत पाहिलेला चांगला साज डोळ्यांसमोर असावा लागतो.

माझं स्पष्ट मत असं की पारंपरिक मराठी दागिना गुजरीतच करून घ्यावा. प्रदर्शनातून घ्यायचं ते इथे होत नसलेलं काम: जडाऊ (सोन्यात खडे जडवलेलं काम), पोलकी, बारीक हिऱ्यांची जडण, निवडक मोती.

हॉलमध्ये पोचल्यावर

शनिवार-रविवारची संध्याकाळ टाळा. पहिल्या दिवशी सकाळी माल पूर्ण असतो आणि स्टॉलवरचा माणूस निवांत असतो. सोबत एकच जाणतं माणूस असावं. पाच जणी गेल्या की पाच मतं होतात आणि शेवटी स्टॉलवाल्याचं मत चालतं.

दिव्यांकडे बघा. पिवळ्या प्रकाशात सोनं अधिक गडद दिसतं, छोट्या प्रखर पांढऱ्या दिव्यांखाली साधा हिराही चमचमतो. आवडलेली वस्तू खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात नेऊन बघू द्या असं सांगा. स्टॉलवाला माणूस सोबत पाठवेल, पाठवू द्या.

मग दागिना उलटा करा. पुढची बाजू सगळेच चांगली करतात. मागे डाख (सांध्याचा जोड) कसा लावला आहे, कड्या बंद आहेत का, कानातल्याची फिरकी सहज पण घट्ट बसते का, कडा कापडात अडकतात का, ते बोट फिरवून बघा. ठुशीचे मणी दाबून बघा. चांगल्या कामात ते एकमेकांना चिकटून बसतात, मध्ये दोरा दिसत नाही. पदर आणि गोंडा पटवेकऱ्यानं (दागिने दोऱ्यात गाठवणाऱ्यानं) नीट गाठवला आहे ना, तेही बघा, कारण दागिना तुटतो तो बहुधा तिथेच.

वजन

वजन तुमच्यासमोर झालं पाहिजे. काट्यावर शून्य दिसल्यावरच दागिना ठेवायचा. जे आकडे येतात ते एकूण वजनाचे, म्हणजे ग्रॉसचे. त्यातून खडे, मोती, दोरा, गोंडा आणि लाख वजा केल्यावर उरतं ते निव्वळ सोनं, म्हणजे नेट. सोन्याचा भाव नेटलाच लागला पाहिजे.

लाखेबद्दल खास सांगायला हवं. साजाचे जवमणी, बोरमाळेचे मणी, पानं ही पुष्कळदा पातळ सोन्याच्या पत्र्याची असून आत लाख भरलेली असते. ही फसवणूक नव्हे, जुनी आणि रास्त पद्धत आहे; त्यामुळे मोठा दिसणारा दागिना कमी सोन्यात होतो आणि मणी चेपत नाहीत. फक्त लाखेचं वजन वेगळं लिहिलेलं हवं. ‘भरीव आहे की लाखेवर आहे?’ हा प्रश्न सरळ विचारा.

हॉलमार्क तपासणं

सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क जून २०२१ पासून टप्प्याटप्प्यानं सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून विक्रीला असलेल्या दागिन्यावर अक्षरं-अंक मिळून सहा खुणांचा एचयूआयडी (त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) असणं आवश्यक झालं. दागिन्यावर तीन खुणा शोधा: बीआयएसचं त्रिकोणी चिन्ह, शुद्धता आणि एचयूआयडी. २२ कॅरेटला ९१६, १८ ला ७५०, १४ ला ५८५ असा आकडा असतो. २०२५ पासून ९ कॅरेटचाही, म्हणजे ३७५ चा, यात समावेश झाला आहे. त्यामुळे ‘हॉलमार्क आहे’ एवढ्यावर थांबू नका. कोणता आकडा आहे ते वाचा. अक्षरं बारीक असतात, दहापट मोठं दाखवणारं भिंग मागून घ्या. ते ग्राहकाला उपलब्ध करून देणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे.

मग फोनवर ‘बीआयएस केअर’ ॲप उघडून एचयूआयडी टाका. दागिन्याचा प्रकार, शुद्धता, हॉलमार्किंग केंद्र आणि नोंदणीकृत सराफाचं नाव येतं. प्रकार जुळतो का हे नक्की बघा. हातात हार आणि ॲपवर अंगठी असेल तर तो दागिना खाली ठेवा. सराफाचं नाव स्टॉलवाल्यापेक्षा वेगळं असू शकतं, कारण घाऊक बनवणाऱ्यानं हॉलमार्क करून घेतलेला असतो. त्याबद्दल विचारलं तर नीट उत्तर मिळायला हवं.

पोलकी, कुंदन, जडाऊ: सगळ्यात जास्त सावधपणा इथे

महागड्या प्रदर्शनांचा खरा थाट याच मालात असतो आणि सक्तीच्या हॉलमार्कमधून नेमका हाच माल वगळलेला आहे. कुंदन, पोलकी आणि जडाऊच्या दागिन्यांना हॉलमार्क नसला तरी कायद्याचा भंग होत नाही. दोन ग्रॅमपेक्षा हलक्या दागिन्यांनाही सूट आहे. म्हणजे सहा-आठ लाखांच्या हारावर कोणतीही सरकारी खूण नसेल आणि तरीही सगळं नियमात असेल. अशा वेळी तुमचं रक्षण एकटं बिल करतं.

पोलकी म्हणजे पैलू न पाडलेला नैसर्गिक हिरा. कुंदन म्हणजे अगदी शुद्ध सोन्याच्या पातळ पट्टीनं खडा बसवण्याची रीत. त्यात बसवलेला खडा काचेचाही असू शकतो. म्हणून ‘कुंदन सेट’ या शब्दातून खडा काय आहे हे मुळीच कळत नाही. खड्याखाली चांदीचा किंवा सोन्याचा वर्ख असतो, आत लाख असते, मागे बहुधा मीनाकाम असतं. त्यामुळे खडा खालून बघता येत नाही आणि सोनं किती आहे हे डोळ्यांना ठरवता येत नाही.

विचारायचं ते असं: खडे नैसर्गिक पोलकी आहेत, प्रयोगशाळेत बनवलेले आहेत, पातळ तुकडे जोडून केलेले आहेत की काच आहे? सोनं किती कॅरेटचं? निव्वळ सोनं किती ग्रॅम, पोलकी किती कॅरेट, रंगीत खडे आणि मोती किती, लाख किती? आणि परत आणला तर यातल्या कशाकशाची किंमत मिळणार? उत्तरं बिलावर लिहून द्यायला विकणारा तयार नसेल तर सेट कितीही देखणा असो, नमस्कार करून पुढे जावं. ‘ताई, विश्वास ठेवा’ हे उत्तर नाही.

जडाऊची मजुरी जास्त असते आणि ती असायलाच हवी. खडा बसवणारा, मीना करणारा, घाट देणारा असे वेगवेगळे हात एका दागिन्यावर राबतात. चांगल्या हातकामाच्या मजुरीवर घासाघीस करण्यापेक्षा सोन्याचं वजन आणि खड्यांची जात नक्की करण्यात जोर लावावा.

हिरे आणि मोती

हिऱ्यांचा दागिना सहसा १८ किंवा १४ कॅरेटमध्ये असतो, कारण २२ कॅरेटचं सोनं मऊ असल्यानं बारीक हिरे नीट धरून ठेवत नाही. त्यामुळे १८ कॅरेटचा हॉलमार्क पाहून दचकू नका. पण सोन्याचा भावही १८ कॅरेटचाच लागला आहे ना, ते बघा. हिऱ्याचा कॅरेट म्हणजे वजन, ०.२ ग्रॅम, सोन्याचा कॅरेट म्हणजे शुद्धता. मोठ्या हिऱ्याला जीआयए किंवा आयजीआयसारख्या संस्थेचं प्रमाणपत्र असावं आणि त्याचा क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर तिथेच टाकून बघावा. नैसर्गिक की लॅबमध्ये वाढवलेला, हे बिलावर शब्दांत लिहून घ्या. लॅबचा हिरा हाही खराच हिरा असतो आणि घालण्याच्या आनंदासाठी घ्यायला हरकत नाही. मात्र त्याचे भाव खूप उतरले आहेत, तेव्हा नैसर्गिक हिऱ्याच्या हिशेबानं त्याचे पैसे देऊ नयेत.

तन्मणी आणि नथीसाठी मोती घेताना ‘बसरा’ (आखातातला दुर्मीळ नैसर्गिक मोती) हा शब्द ऐकला की प्रमाणपत्र मागा. आज बाजारात मिळणारे बहुतेक मोती शेतीतले, म्हणजे कल्चर्ड असतात आणि त्यातही उत्तम मोती मिळतात.

चांदीवरचा मुलामा

प्रदर्शनात पुष्कळ स्टॉल चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेल्या दागिन्यांचे असतात. कोल्हापूरकरांना चांदी नवी नाही. हातकणंगले तालुक्यातलं हुपरी चांदीच्या पैंजणांसाठी देशभर ओळखलं जातं. मग हुपरीच्या शेजारी राहून चांदीचं वजन न विचारता नुसत्या नक्षीवर पैसे का द्यावेत? वजन, शुद्धता आणि मुलामा उतरल्यावर पुन्हा चढवून देणार का, हे विचारा. चांदीचा हॉलमार्क अजून ऐच्छिक आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून त्यातही एचयूआयडी आला आहे. ९२५ हा आकडा दिसला तर उत्तम.

हिशेब

‘मजुरीवर पन्नास टक्के सूट’ या पाटीनं हुरळून जाऊ नका. मजुरी मुळात किती धरली, हे कोणी पाटीवर लिहीत नाही. तुलना करण्याचा एकच भरवशाचा मार्ग आहे: सगळं धरून शेवटी द्यायची रक्कम भागिले निव्वळ सोन्याचे ग्रॅम.

सोयीसाठी समजा, २४ कॅरेटचा भाव १० ग्रॅमला १,००,००० रुपये आहे. मग २२ कॅरेट ग्रॅमला ९,१६० होतं. पहिल्या ठिकाणी ठुशीत निव्वळ सोनं २० ग्रॅम, मजुरी १५ टक्के. सोन्याचे १,८३,२००, मजुरीचे २७,४८०, मिळून २,१०,६८०. त्यावर ३ टक्के जीएसटी ६,३२०. हॉलमार्किंगचे पन्नास-पंचावन्न रुपये धरून बिल सुमारे २,१७,०५०. म्हणजे निव्वळ ग्रॅमला जवळपास १०,८५० रुपये.

दुसऱ्या ठिकाणी मजुरी २४ टक्के, निम्मी सूट, म्हणजे १२ टक्के. भाव मात्र ९,३०० लावला आणि २० ग्रॅम हे वजन दोरा, गोंडा, लाख धरून आहे. निव्वळ सोनं १९. बिल होतं सुमारे २,१४,६००. रक्कम कमी दिसते, पण १९ नं भागलं की ग्रॅमला ११,२९५ पडतात. सूट दिलेला दागिनाच महाग निघाला.

हे गणित हिरे-पोलकीच्या दागिन्याला लावताना खड्यांची किंमत आधी बाजूला काढा आणि उरलेल्या रकमेवर करा. २२ कॅरेटचा भाव कसा काढला, हेही विचारा. काही जण ९१.६ ऐवजी ९२ टक्क्यांनी काढतात.

बिल

कच्च्या चिठ्ठीवर काहीही घेऊ नका. बिलावर दागिन्याचं वर्णन, निव्वळ वजन, शुद्धता, खड्यांचा तपशील, मजुरी आणि हॉलमार्किंगचं शुल्क वेगवेगळं हवं. मग विकणाऱ्याच्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे बघा. महाराष्ट्राचा संकेतांक २७, राजस्थानचा ०८, गुजरातचा २४, कर्नाटकचा २९. बाहेरच्या राज्यातला व्यापारी कोल्हापुरात माल हातात देऊन विकत असेल तर त्याला इथली तात्पुरती नोंदणी घ्यावी लागते, आणि बिलावर २७ नं सुरू होणारा क्रमांक आणि दीड-दीड टक्क्याचे केंद्र आणि राज्याचे कर दिसतात. ०८ चा क्रमांक दाखवून माल इथेच देत असेल तर खुलासा मागा. तिकडून बनवून पाठवणार असेल तर बिल तिकडचं असणं शक्य आहे.

दोन लाखांच्या वरच्या खरेदीला पॅन लागतो, आणि दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घ्यायला विकणाऱ्याला कायद्यानं मनाई आहे. ‘दोन बिलं करू’ या सूचनेला नकार द्या.

ऑर्डर देऊन आगाऊ रक्कम देत असाल तर पावतीवर भाव आजचा की देण्याच्या दिवशीचा, अंदाजे वजन, तारीख, आणि पसंत न पडल्यास काय, हे लिहून घ्या. नमुन्याचा फोटो पावतीला जोडा. लग्नाच्या तारखेच्या आधी किमान तीन आठवडे हातात पडेल असं बघा, म्हणजे माप बदलायला वेळ उरतो.

नवं बुटीक उघडतं तेव्हा

फीत कापायला अभिनेत्री येणार असेल तर त्या दिवशी बघायला जा, पेढा खा, घरी या. गर्दीत ना वजन नीट होतं ना भिंग मिळतं. खरेदीला पुढच्या आठवड्यात, कामाच्या दिवशी सकाळी जा. उद्घाटनाची ऑफर किती दिवस आहे हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. ती सहसा लगेच संपत नाही.

मासिक हप्त्यांची सुवर्णयोजना पहिल्या दिवशी घेऊ नका. अशा योजना बहुधा अकरा महिन्यांच्या असतात, कारण वर्षाच्या आत माल न दिलेली आगाऊ रक्कम ठेव ठरू शकते आणि ठेवींचे नियम कडक आहेत. त्याहून लांब मुदतीची किंवा ठरावीक व्याजाचं आमिष दाखवणारी योजना असेल तर लांब राहा. शेवटी पैसे परत मिळतात की दागिनाच घ्यावा लागतो, आणि मजुरीची सूट कोणत्या दागिन्यांना लागू नाही, हे छापील अटींत वाचा.

घरी आल्यावर

बिल, प्रमाणपत्र आणि दागिन्याचे दोन्ही बाजूंचे फोटो एकत्र ठेवा. शुद्धतेची शंका आली तर बीआयएस मान्यताप्राप्त केंद्रात ग्राहकाला स्वतः थोडं शुल्क भरून तपासणी करून घेता येते. हॉलमार्क असूनही शुद्धता कमी निघाली तर नियमानुसार कमतरतेच्या फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च मिळतो. तक्रार बीआयएस केअर ॲपवर करता येते. व्यवहाराची इतर तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे.

साज आणि ठुशी दर काही वर्षांनी पटवेकऱ्याकडून पुन्हा गाठवून घ्या. देताना आणि परत घेताना वजन करा, मणी आणि पानं मोजा. जडाऊ दागिना मात्र पाण्यात किंवा साबणात कधीही बुडवू नका. वर्खापर्यंत ओल गेली की खडा काळवंडतो. मऊ सुती कापडात, बाकीच्या दागिन्यांपासून वेगळा गुंडाळून ठेवा, अत्तर लावायचं ते दागिना घालण्याआधी.